लहान मुलाला घेऊन समुद्रकिनारी जाताना: आधी काय, नंतर काय

एक ते पाच वर्षांच्या मुलाला घेऊन समुद्रावर गेलेली बरीच कुटुंबं दुसऱ्याच दिवशी दमलेली दिसतात. मूल किरकिरं झालेलं असतं, खांदे लाल झालेले असतात, जेवणाची वेळ टळलेली असते आणि आई-बाबा एकमेकांवर वैतागलेले असतात. सामान पुरेसं असतं, हौसही असते. चुकतो तो क्रम. सनस्क्रीन वाळूत पोचल्यावर लावायला काढतात, भरतीची वेळ पाण्यात उतरल्यावर विचारतात आणि मुलावर लक्ष कुणी ठेवायचं हे कुणीच ठरवत नाही, कारण सगळेच तिथे असतात. ही शेवटची चूक सर्वांत महाग पडते. म्हणून पुढचे टप्पे क्रमानेच घ्या.

टप्पा १: किनारा आणि खोली निवडणं

मोठ्यांना आवडणारा किनारा आणि लहान मुलाला सोसणारा किनारा वेगळा असू शकतो. किनारा ठरवताना उतार, जीवरक्षक आणि सावली या तीन गोष्टी पाहा.

वाळू पाण्याकडे हळूहळू उतरत असेल तर लाटा लांब फुटतात आणि काठाशी फक्त फेस येतो. उतार तीव्र असेल तर लाट थेट काठावर आदळते आणि मागे जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. गुडघाभर पाण्यात मोठा माणूस तोल सांभाळतो, दोन वर्षांचं मूल आडवं होतं. फोटोंवरून उतार कळत नाही. तिथे जाऊन आलेल्यांना एकच प्रश्न विचारा: काठापासून दहा पावलं आत गेल्यावर पाणी कुठपर्यंत येतं?

जीवरक्षक कोणत्या महिन्यांत आणि किती वाजेपर्यंत असतात तेही विचारून घ्या. नदीचं किंवा खाडीचं मुख, धक्का आणि समुद्रात शिरलेली खडकांची रांग यांच्या जवळपासची जागा टाळा. तिथे प्रवाह ओढणारे असतात.

खोलीच्या बाबतीत एक गोष्ट जवळपास सगळ्यांकडून सुटते. समुद्रकिनारच्या सुट्टीत पाण्याचा धोका समुद्रापुरता नसतो. पोहण्याच्या तलावाकडे थेट दार उघडणारी तळमजल्याची खोली छान दिसते, पण आपण बॅगा उघडत असताना चालतं मूल त्याच दाराने बाहेर जातं. तलावाला कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक आहे का, हे आरक्षण करण्यापूर्वी विचारा. खोलीत शिरल्यावर बॅगा उघडण्याआधी दारांच्या कड्या, बाल्कनीच्या कठड्यातल्या फटी आणि कठड्याजवळची चढता येईल अशी खुर्ची पाहून घ्या.

*तपासा:* खोलीपासून वाळूपर्यंत मुलाला कडेवर आणि पिशवी खांद्यावर घेऊन चालत जाता येईल ना? अंतर जास्त असेल तर दुपारच्या झोपेसाठी परतणं तुम्ही टाळाल, आणि पुढचा सगळा आराखडा त्या झोपेवर उभा आहे.

टप्पा २: दिवसाचा आराखडा

लहान मुलासाठी समुद्राचे दिवसातून दोन छोटे तुकडे असतात: सकाळी लवकर ते दहा-साडेदहा, आणि दुपारी चारनंतर. मधले तास सावलीचे, जेवणाचे आणि झोपेचे. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात अतिनील किरणं सर्वांत तीव्र असतात. घड्याळ हाताशी नसेल तर सावली पाहा. मुलाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड झाली की आत जायची वेळ झाली. ढगाळ दिवशीही हाच नियम पाळा, कारण पातळ ढगांतून अतिनील किरणं मोठ्या प्रमाणात खाली येतात. छत्रीखाली बसल्यानेही ती पूर्ण थांबत नाहीत. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरणं परत फेकतो.

आता भरती-ओहोटी. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोन भरत्या येतात आणि दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. त्यामुळे वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. काल सकाळी आठला जिथे खेळलात, चार दिवसांनी त्याच वेळी तिथे पाणी असू शकतं. पाणी सारख्या वेगाने चढतही नाही. ओहोटी ते भरती या सहा तासांत पहिल्या तासात ते एकूण चढाच्या जेमतेम एक बारांश (बारावा भाग) चढतं, तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन बारांश. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मी भरती होऊन जाते. चटई टाकून बसलेल्यांची चप्पल वाहून जाते ती याच वेळी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त वर येतं आणि जास्त मागेही जातं.

लहान मुलाला सोयीची वेळ ओहोटीच्या आसपासची. वाळू रुंद असते, घोट्याएवढ्या पाण्याची डबकी उरलेली असतात आणि खेळायला तीच पुरतात. मात्र ओहोटीच्या वेळी आत ओढणारे प्रवाह बऱ्याच ठिकाणी जास्त जोरात असतात. तेव्हा खेळ डबक्यांत आणि ओल्या वाळूत ठेवा, लाटांच्या मागे जाऊ नका.

*सावधान:* मागे सखल भाग असलेल्या वाळूच्या उंचवट्यावर बसू नका. भरती सुरू झाली की पाणी आधी मागच्या सखल भागात भरतं आणि परतीची वाट बंद होते.

पहिल्या दिवशी समुद्राचा मोठा कार्यक्रम ठेवू नका. प्रवासाने दमलेलं मूल लाटांच्या आवाजालाच बिचकतं. संध्याकाळी अर्धा तास, कोरड्या वाळूत, पाणी लांबून दाखवायचं, बस. मूल कंटाळण्याआधी परत फिरा, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते स्वतःच निघायला तयार असतं.

टप्पा ३: घरून निघण्याआधीची तयारी

सामानाच्या याद्या सगळीकडे मिळतात, पण ती तयारीतली सोपी बाजू. पुढच्या चार गोष्टी मात्र घरीच उरकाव्या लागतात.

पहिली, प्रथमोपचार. घरातल्या निदान एका मोठ्या माणसाने लहान मुलांचं सीपीआर (श्वास थांबल्यावर छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन करायचा उपचार) प्रत्यक्ष प्रशिक्षणात शिकून घ्यावं. व्हिडिओ पाहून हाताला दाब कळत नाही.

दुसरी, सनस्क्रीनची चाचणी. आणलेलं सनस्क्रीन दोन-तीन दिवस आधी मुलाच्या हाताच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून पाहा. पुरळ यायचाच असेल तर तो घरी आलेला बरा. एसपीएफ ३० किंवा अधिक, ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ आणि ‘वॉटर रेझिस्टंट’ हे तिन्ही शब्द बाटलीवर हवेत. सहा महिन्यांखालच्या बाळासाठी सनस्क्रीनवर विसंबू नका. त्याला थेट उन्हात न्यायचंच नाही. सावली, अंगभर सैल कपडे आणि टोपी एवढंच.

तिसरी, कपड्यांचा रंग. हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते. निळा, पांढरा, करडा आणि फिकट हिरवा पोहण्याचा पोशाख पाण्याखाली दिसेनासा होतो. भडक केशरी, भडक गुलाबी किंवा चमकदार पिवळा लांबूनही दिसतो. गर्दीत मूल शोधतानाही तोच उपयोगी पडतो. लांब बाह्यांचा, अतिनील किरणं रोखणारा पोशाख मिळत असेल तर घ्याच. यूपीएफ ५० म्हणजे त्या किरणांचा पन्नासावा भाग आत येतो. साधा सुती सदरा ओला झाला की त्याचं संरक्षण कमी होतं.

चौथी, ओळखपट्टी. मनगटाला न भिजणारी पट्टी आणि तिच्यावर तुमचा तिथे चालू असणारा फोन नंबर. मुलाचं नाव बाहेरून दिसेल असं लिहू नका. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मुलाला तो ओळखीचा वाटतो.

सामानाच्या तीन पिशव्या करा. पहिलीत पाणी, कोरडा खाऊ, सनस्क्रीन, टोपी आणि प्रथमोपचाराचं सामान, ज्यात चिमटा, जंतुनाशक, पट्ट्या, ओआरएसची पाकिटं आणि मुलाची नेहमीची औषधं असतील. ती कायम सावलीत आणि हाताशी. दुसरीत खेळणी, त्यात बादली, फावडं आणि एक गाळणी पुरते, बाकी सगळं वाळूतच असतं. तिसरीत परतीचं सामान, म्हणजे कोरडे कपडे, टॉवेल, डायपर आणि ओले कपडे भरायला प्लास्टिकची पिशवी. ही तिसरी पिशवी परतायच्या वेळेपर्यंत उघडायचीच नाही. एकाच पिशवीत सगळं कोंबलं की पहिल्या अर्ध्या तासात कोरडा टॉवेल ओला आणि खाऊ वाळूने भरलेला असतो.

टप्पा ४: निघण्याआधीचा अर्धा तास

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. क्रम असा ठेवा:

१. मुलाला खाऊ घाला. भुकेलं मूल किनाऱ्यावर पहिल्या दहा मिनिटांतच रडायला लागतं.

२. कपडे काढून, खोलीतच, सर्वांगाला सनस्क्रीन लावा. कपडे घालून मग उघडं अंग शोधत लावलं की पोशाखाच्या कडा सरकतात आणि तिथेच चट्टे पडतात. कानांच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, पावलांचा वरचा भाग, गुडघ्यांच्या मागची बाजू आणि केसांचा भांग या जागा हटकून सुटतात. स्प्रे असेल तर चेहऱ्यावर मारू नका, आपल्या हातावर घेऊन लावा.

३. मग पोशाख, टोपी, ओळखपट्टी.

४. डासांसाठी मलम लावायचं असेल तर सनस्क्रीन वाळल्यावर, वरून. दोन्ही एकत्र असलेली उत्पादनं टाळा, कारण सनस्क्रीन पुन्हा पुन्हा लावावं लागतं आणि डासांचं औषध तितक्यांदा लावायचं नसतं.

५. याच कपड्यांत मुलाचा एक फोटो फोनवर काढा. मूल हरवलं तर ‘आज काय घातलं होतं’ हे घाबरलेल्या आई-वडिलांना आठवत नाही.

६. पाण्यात चालणारा डायपर अगदी शेवटी, किनाऱ्यावर गेल्यावर. तो शी अडवतो, शू अडवत नाही, त्यामुळे वाटेतच सगळं ओलं होतं. नेहमीचा डायपर पाण्यात घालू नका. तो पाणी शोषून फुगतो आणि मुलाला चालताही येत नाही.

सनस्क्रीन लावल्यापासून उन्हात जाईपर्यंत १५ ते ३० मिनिटं जायला हवीत. हा क्रम पाळला तर तेवढा वेळ आपोआप जातो.

*तपासा:* निघतानाची वेळ फोनवर नोंदवा आणि दोन तासांचा गजर लावा. सनस्क्रीन दर दोन तासांनी, आणि पाण्यातून बाहेर येऊन अंग पुसल्यावर प्रत्येक वेळी पुन्हा लावायचं. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे न निघणारं असा समज असतो. लेबल नीट वाचलं तर पाण्यात ते ४० किंवा ८० मिनिटं टिकेल एवढीच हमी दिसते.

टप्पा ५: किनाऱ्यावरची पहिली दहा मिनिटं

या वेळात मुलाला खाली सोडू नका. एकाने मुलाला धरायचं, दुसऱ्याने कामं करायची. एकटेच असाल तर आधी मुलाला चटईवर खाऊ देऊन बसवा आणि त्याच्याकडे तोंड करूनच छत्री उभी करा.

आधी फलक वाचा, मग झेंडे पाहा. लाल-पिवळा, दोन आडव्या पट्ट्यांचा झेंडा म्हणजे जीवरक्षकांच्या देखरेखीची जागा. पाण्यात उतरायचं ते अशा दोन झेंड्यांच्या मधेच. एकटा लाल झेंडा दिसला तर मुलाला पाण्यात न्यायचं नाही. दोन लाल झेंडे म्हणजे पाणी सगळ्यांसाठी बंद. जांभळा झेंडा जेलीफिशसारख्या डंख करणाऱ्या जलचरांचा इशारा देतो. काही ठिकाणी रंगांची पद्धत वेगळी असते, म्हणून फलक आधी.

मग पाच मिनिटं नुसता समुद्र पाहा. लाटा फुटताहेत त्या रांगेत एखादी गडद, शांत फट दिसते का? तिच्यातून फेस, शेवाळ किंवा गढूळ वाळू आत, समुद्राकडे जाताना दिसते का? तो रिप करंट, म्हणजे काठाकडून आत जाणारा प्रवाह. लाटा नसल्याने ती जागा सर्वांत सुरक्षित वाटते आणि नेमके तिथेच लोक मुलांना घेऊन उतरतात. हे प्रवाह कधी कधी सेकंदाला २ मीटरहून अधिक वेगाने जातात. पोहण्यात तरबेज माणूसही त्यांच्याविरुद्ध टिकत नाही. तुमची चटई अशा जागेच्या समोर टाकू नका.

चटई ओल्या वाळूच्या रेषेपासून बरीच वर, जीवरक्षकाच्या मनोऱ्याजवळ टाका. छत्रीला भडक रंगाचं कापड बांधा आणि मुलाला ते दाखवून ‘हे आपलं घर’ असं सांगा. काठाकाठाने खेळणारं मूल कळत नकळत बाजूला सरकत जातं आणि त्याला सगळ्या छत्र्या सारख्याच दिसतात.

वाळू तापली आहे का ते तळहाताच्या मागच्या बाजूने पाहा. पाच सेकंद हात ठेववत नसेल तर मुलाला चपलांशिवाय सोडू नका.

टप्पा ६: पाण्याजवळ

इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण बाकीच्या चुका उद्या सुधारता येतात.

बुडणं शांत असतं. लहान मूल ओरडत नाही, हात वर करून हलवत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असतं, श्वास घेण्यातच सगळी ताकद जाते, हात बाजूंना पाणी खाली दाबत राहतात. लांबून पाहणाऱ्याला ते खेळताना दिसतं. शिवाय लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. ते वीतभर पाण्यात पालथं पडलं तरी स्वतःहून उठू शकेलच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंमागे बुडणं हे जगभरातलं चौथं मोठं कारण आहे.

म्हणून पाण्यात पाय घालण्याआधी एका मोठ्या माणसाचं नाव घेऊन ठरवा: आता नजर तुझी. त्या माणसाने फोन पिशवीत ठेवायचा, मद्य घ्यायचं नाही, गप्पांत पाठ फिरवायची नाही आणि मूल हात लांबवला की धरता येईल एवढ्या अंतरावर ठेवायचं. पंधरा मिनिटांनी पाळी बदलायची, आणि बदलताना मोठ्याने बोलायचं: ‘मी घेतलं.’ ‘हो, तू बघ.’ हे शब्द उच्चारल्याशिवाय पहिल्याची जबाबदारी संपत नाही. सहा-सात मोठी माणसं सोबत असतील तेव्हा हा नियम जास्तच काटेकोर पाळा. मावशी बघते आहे असं काकांना वाटतं, काका बघताहेत असं मावशीला. मोठ्या भावंडावर ही जबाबदारी कधीही टाकू नका, ते स्वतः मूलच असतं.

मुलाची पाण्याशी ओळख पायरीपायरीने करा. आधी कोरडी वाळू, मग ओली वाळू, मग संपत आलेल्या लाटेचा फेस पावलांना लागू द्या. तुम्ही समुद्राच्या बाजूला आणि मूल जमिनीच्या बाजूला. मूल मागे सरकलं तर मागे सरकू द्या. रडत्या मुलाला उचलून थेट लाटेत नेलं की पुढचे सगळे दिवस ते पाण्याकडे फिरकत नाही, आणि ती भीती घालवायला फार वेळ लागतो.

*सावधान:* समुद्राकडे पाठ करू नका, फोटोसाठीसुद्धा नाही. एखादी लाट बाकीच्यांपेक्षा बरीच मोठी येते.

*सावधान:* लाट आली की मुलाचा एक हात धरून त्याला वर उचलायचं किंवा दोघांनी दोन हात धरून झोके द्यायचे, हा खेळ टाळा. चार-पाच वर्षांखालच्या मुलांचं कोपराचं हाड अशा हिसक्याने जागेवरून सरकतं. मूल हात वापरेनासं होतं, तो पोटाशी धरून रडतं. उचलायचं ते नेहमी बगलेतून.

फुगवलेली चाकं, हंस आणि गाद्या समुद्रात नेऊ नका. जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहत असेल तेव्हा काठाचं पाणी सपाट आणि निरुपद्रवी दिसतं, पण तोच वारा फुगवलेलं खेळणं बघता बघता आत नेतो. दंडाला बांधायच्या फुग्यांनी मूल सुरक्षित होत नाही, आपल्याला फक्त तसं वाटतं आणि आपण चार पावलं मागे बसतो. आधार म्हणून वापरायचंच असेल तर मुलाच्या वजनाला बसणारं, दोन पायांमधून पट्टा येणारं लाइफ जॅकेट, आणि तरीही हाताच्या अंतरावर.

पाण्यातला वेळ दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत ठेवा. लहान अंग लवकर गार पडतं. ओठ निळसर दिसले किंवा मूल थरथरायला लागलं की लगेच बाहेर, कोरडा टॉवेल, कोरडा सदरा.

टप्पा ७: वाळूत

लहान मुलाचा खरा समुद्र वाळूतच असतो, आणि तिथे त्याला तासभर रमू द्यावं. तीन गोष्टी पाळा. खड्डा सर्वांत लहान मुलाच्या गुडघ्याहून खोल नको आणि बोगदा तर नकोच. ओल्या वाळूच्या भिंती भक्कम दिसतात आणि एकदम ढासळतात. अंगावर पडलेली वाळू हाताने उपसेपर्यंत उशीर होतो. मुलाला वाळूत पुरून फोटो काढू नका. निघताना खड्डा बुजवा, कारण अंधारात कुणाचा तरी पाय त्यात जातो.

डोळ्यात वाळू गेली तर मूल चोळणारच. आधी हात धरा, मग पिण्याच्या स्वच्छ पाण्याची बारीक धार डोळ्यावरून सोडा. चिमूटभर वाळू तोंडात गेली तर घाबरू नका, चूळ भरायला लावा. मेलेली जेलीफिशसुद्धा डंख करू शकते, म्हणून वाळूवर पारदर्शक, चिकट काही दिसलं की लांबून दाखवायचं, हात लावायचा नाही.

टप्पा ८: पाणी पाजणं, सावली, थांबणं

तहान लागली हे खेळणारं मूल सांगत नाही. दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन घोट द्या. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणी नाही, दूधच वरचेवर. सहा तास लघवी झाली नाही, ओठ कोरडे पडले, रडताना डोळ्यांत पाणी आलं नाही, ही शरीरातलं पाणी कमी झाल्याची खूण.

बाबागाडीवर जाड कापड टाकून सावली करू नका. आत हवा खेळत नाही आणि गाडी काही मिनिटांत तापते. वरून छत्री धरा, बाजू उघड्या ठेवा.

मूल लाल, मलूल आणि चिडचिडं झालं, उलटी झाली किंवा डोकं दुखतं म्हणालं तर उष्णतेचा त्रास समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला, घोटघोट ओआरएस द्या. अर्ध्या तासात तरतरी आली नाही तर डॉक्टरकडे. मूल असंबद्ध वागायला लागलं, शुद्ध हरपली किंवा झटके आले तर आपत्कालीन मदत बोलवा आणि मदत येईपर्यंत अंग गार करत राहा. अशा वेळी तोंडाने काहीही देऊ नका.

टप्पा ९: काही घडलंच तर

*मूल दिसेनासं झालं:* आधी पाणी. एकाने त्याच क्षणी पाण्याच्या काठाकडे धावायचं, दुसऱ्याने जीवरक्षकाला गाठून सकाळचा फोटो दाखवायचा आणि तिसऱ्याने छत्रीपाशी थांबायचं. आधी दुकानं, आधी स्वच्छतागृह, असा क्रम लावू नका. मूल दुकानात असेल तर पाच मिनिटांनीही तिथेच असेल.

*प्रवाहाने ओढलं:* मूल तुमच्या हातात असताना प्रवाहात सापडलात तर काठाकडे थेट पोहायचा अट्टहास करू नका. मुलाचं तोंड पाण्यावर ठेवा, तरंगत राहा, हात हलवून मदत मागा. प्रवाहाचा जोर ओसरला की काठाला समांतर जाऊन मग बाहेर या. मूल एकटंच ओढलं गेलं असेल तर आधी ओरडून जीवरक्षक बोलवा. पाण्यात जावंच लागलं तर हाताला लागेल ती तरंगणारी वस्तू घेऊनच जा.

*मूल बेशुद्ध आहे, श्वास नाही:* उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढायचा प्रयत्न करू नका. त्यात वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. बुडण्यात आधी श्वास थांबतो, म्हणून नुसतं छाती दाबणं पुरत नाही. तोंडाने श्वास द्यावेच लागतात. सुरुवातीचे श्वास देऊन झाले की ३० दाब आणि २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० दाबांच्या वेगाने, मदत येईपर्यंत. जवळच्या माणसाकडे बोट दाखवून ‘तुम्ही फोन लावा’ असं सांगा. गर्दीला उद्देशून ओरडलं तर कुणीच लावत नाही.

*जेलीफिशचा डंख:* चोळू नका, लघवी किंवा गोडं पाणी लावू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा. सोसवेल इतक्या गरम, सुमारे ४० ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात वीस मिनिटं तो भाग ठेवल्याने बऱ्याच जातींच्या डंखाची वेदना कमी होते. मुलाची कातडी नाजूक असते, म्हणून पाणी आधी आपल्या हातावर पाहा. व्हिनेगर काही जातींवर चालतं आणि काहींचा त्रास वाढवतं. तिथल्या जीवरक्षकाला विचारूनच वापरा. श्वासाला त्रास, चेहऱ्यावर सूज किंवा मोठा भाग डंखलेला असेल तर थेट रुग्णालय.

टप्पा १०: निघणं आणि खोलीवर परतल्यावर

मूल मजेत असतानाच निघायचं. दहा मिनिटं आधी सांगा, ‘आता शेवटचा किल्ला’, आणि किल्ला झाला की खरोखर उठा. पेंगुळलेल्या मुलाला वाळूतून उचलून नेणं दोघांनाही जड जातं.

आवराआवर करताना पाण्यावरची नजर सुटते, म्हणून चटई झटकण्याआधी मूल कुणाच्या हातात आहे ते पुन्हा ठरवा. अंगाची वाळू ओल्या टॉवेलने पुसली तर रखरखतं. आधी अंग वाळू द्या, मग थोडं कॉर्नफ्लोअर चोळून झटका, वाळू त्याबरोबर गळते. पूड चेहऱ्याजवळ उडू देऊ नका. ओला पोशाख लगेच बदला. मीठ आणि ओल मिळून जांघेत आणि काखेत कातडी सोलते. सामान गाडीत भरेपर्यंत मुलाला बंद गाडीत बसवून ठेवू नका, पाच मिनिटांसाठीही नाही. उन्हातली गाडी फार झपाट्याने तापते.

खोलीवर गोड्या पाण्याने आंघोळ, मग अंग उजेडात नीट पाहा. खांदे किंवा मान लाल दिसली तर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, साधं मॉइश्चरायझर लावा आणि दुसरा दिवस पूर्ण सावलीत काढा. फोड आले, ताप आला किंवा मूल एक वर्षाच्या आतलं असेल तर डॉक्टरांना दाखवा.

मुलाच्या नाकातोंडात पाणी गेलं असेल आणि ते खोकून लगेच खेळायला लागलं असेल, तरी पुढचे आठ तास लक्ष ठेवा. खोकला थांबत नाही, श्वास जलद किंवा कष्टाने चालतो, मूल नेहमीपेक्षा वेगळं सुस्तावलं आहे, उलट्या होताहेत, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालयात जा, आणि मूल पाण्यात किती वेळ होतं, पाणी केव्हा गेलं ते डॉक्टरांना सांगा.